न गंजणाऱ्या सुरीला पाणी कोण पाजणार?

स्टेनलेस स्टीलची सुरी कापत नाही, ही तक्रार स्टेनलेस स्टीलइतकीच जुनी आहे. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १३ ऑगस्ट १९१३ रोजी विजेच्या भट्टीत एक नवं पोलाद ओतलं. त्यात क्रोमियम १२.८ टक्के आणि कार्बन ०.२४ टक्के होता. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात, त्यावर त्याला उपाय हवा होता. पण नमुने तपासायला घेतले तर आम्ल त्यांना नेहमीसारखं खाईना. ब्रेअर्ली पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा मुलगा आणि गाव सुऱ्या-कात्र्यांचं, त्यामुळे याची पाती करावीत हे त्याला सुचायला वेळ लागला नाही. गावातल्या कारागिरांनी ती करून पाहिली आणि नाकं मुरडली. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा’ अशी त्याची टिंगल झाली. पोलादात खोट नव्हती. जुन्या पोलादावर बसलेल्या हातांना नव्या पोलादाचा ताव ठाऊक नव्हता. शेवटी मॉस्ली यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्टने ती पाती जमवली आणि ‘स्टेनलेस’ हे नावही त्यानेच दिलं.

शंभर वर्षं उलटून गेली तरी इंदूरच्या बर्तन बाजारात गिऱ्हाईक तेच म्हणतं: दिसायला चकाचक, पण टोमॅटोवरून घसरते. माझी सगळी नोकरी पीथमपूरच्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये गेली. गिअर, शाफ्ट, पिना कडक करून द्यायच्या, कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर ठोकून बघायच्या आणि चलन फाडायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर राजेंद्रनगरच्या घरामागे, जिथे पूर्वी स्कूटर उभी राहायची तिथे, एक छोटी मफल भट्टी बसवली आणि स्टेनलेसच्या सुऱ्या करायला लागलो. मुलाचं म्हणणं, बाबा रिटायर झाले पण शिफ्ट सुटली नाही. या नादात एक गोष्ट मात्र कळत गेली. पात्याला पाणी पाजायची, म्हणजे ते तापवून, विझवून कडक करायची माळव्यातली वहिवाट फार जुनी आहे, आणि ती कुठे तुटली ती जागाही नेमकी दाखवता येते.

सुरुवात उज्जैनपासून करावी लागते. सहाव्या शतकातला वराहमिहिर आपल्याला ज्योतिषी म्हणून माहीत असतो, पण त्याच्या ‘बृहत्संहिते’त खड्गलक्षणाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. तलवार किती लांब असावी, तिच्यावरचा कुठला व्रण शुभ आणि कुठला अशुभ, हे सगळं सांगून झाल्यावर तिला काय पाजावं ते येतं. लक्ष्मी हवी असेल त्याने रक्त, गुणी पुत्र हवा असेल त्याने तूप, न सरणारं धन हवं असेल त्याने पाणी. पुढे घोडी, उंटीण, हत्तीण यांची दुधंही आहेत. इथवर माझ्यासारखा भट्टीवाला गालातल्या गालात हसतो. त्यापुढच्या दोन कृतींना मात्र हसून चालत नाही. पहिलीत रुईचा चीक, मेंढ्याच्या जाळलेल्या शिंगाची पूड, कबुतराची आणि उंदराची विष्ठा यांचा लेप तेल चोळलेल्या पात्याला द्यायचा. दुसरीत केळीची राख ताकात घालून एक दिवस-रात्र ठेवायची आणि ते पात्याला पाजायचं. असं पातं दगडावर तुटत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाही, अशी ग्वाही दिली आहे.

केळीची राख म्हणजे पोटॅश. लालबुंद पातं साध्या पाण्यात बुडवलं की त्याच्याभोवती वाफेचा पापुद्रा धरतो आणि पाणी धातूला नीट शिवतच नाही. पाण्यात क्षार असले की तो पापुद्रा चटकन फुटतो. आमच्या शॉपमध्ये काही मालासाठी मिठाच्या पाण्याची टाकी होती, तीही याच कारणाने. शिंग आणि विष्ठेतून मिळतो नत्र आणि कार्बन. मऊ लोखंडाचा पृष्ठभाग कडक करायला युरोपातले कारागीरही शिंग, हाडं, कातडं यांच्या भुकटीत माल पुरून तापवत असत. वराहमिहिराला रसायनशास्त्र येत होतं असा दावा मी करणार नाही, आपल्याकडे तसले दावे करणारे पुष्कळ आहेत. पण अवंतीतल्या कुण्या लोहाराकडून त्याने हे नीट ऐकून घेतलं होतं, एवढं मात्र नक्की वाटतं.

उज्जैन एका बाजूला, तर धार दुसऱ्या बाजूला. इंदूरहून तासा-दीड तासाच्या वाटेवर तिथल्या लाट मशिदीपाशी लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत. एकत्र धरले तर लांबी तेरा मीटरच्या वर आणि वजन सात टनांहून जास्त. दिल्लीचा प्रसिद्ध स्तंभ त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक उंच. परंपरा तो राजा भोजाचा, म्हणजे अकराव्या शतकातला सांगते. त्यावर अकबराच्या १५९८च्या दख्खन मोहिमेचा लेख आहे, आणि गुजरातच्या बहादूरशहाने तो न्यायचा घाट घातला तेव्हा पडून मोडला, असं जहांगीर लिहून ठेवतो. पावसाळे खाऊनही तो गंजून संपला नाही. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या आणि धारच्या लोखंडाचा अभ्यास करून त्याचं श्रेय फॉस्फरसला दिलं.

इथेच खरी अडचण आहे. फॉस्फरस गंज थोपवतो, पण तोच पोलादाला ठिसूळ करतो, म्हणून त्या लोखंडाचं पातं होत नाही. स्तंभ व्हावा तर त्याचाच. पात्याला लागतो कार्बन, आणि कार्बनचं पोलाद लिंबाच्या एका फोडीने काळं पडतं. धार हवी असेल तर गंज सोसायचा आणि गंज नको असेल तर धारेवर पाणी सोडायचं, हा सौदा १९१३ पर्यंत कुणालाच मोडता आला नाही.

मराठ्यांच्या काळाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तलवारींवर बोलणारे आपल्याकडे कमी नाहीत. मराठ्यांच्या कितीतरी तलवारींचं पातं युरोपातून आलेलं असे आणि मूठ इथे चढे. त्यांनाच फिरंग म्हणत. म्हणजे चांगलं पोलाद बाहेरून आणायची सवय आजची नाही. ते पातं झळाळतं आणि धारेवर ठेवण्याचं काम शिकलगारांचं. होळकरांच्या राज्यात लोखंड आणि काशाच्या कामाचा शेवटचा मोठा धडाका लावला तो यशवंतरावांनी. इंग्रजांशी तह झाल्यावर भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढून ते स्वतः भट्टीपाशी उभे राहत, असं इंग्रज अधिकारी जॉन माल्कम लिहितो. १८११मध्ये भानपुऱ्यालाच ते गेले. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरची लढाई हरली, जानेवारी १८१८मध्ये मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली आणि शेजारी महूला इंग्रजांची छावणी बसली. फौज आटली, तसं हत्यारांचं कामही आटलं.

लोहाराचं काम मात्र आटलं नाही. माळव्याची काळी जमीन पावसाआधी वखरायची तर पास पाजवून हवी. गव्हाला विळे हवेत. अफूच्या बोंडांना चिरा द्यायला तीन-चार पात्यांचं एकत्र बांधलेलं बारीक हत्यार लागतं, आणि त्याची धार गेली तर चीक नीट येत नाही. अफूच्या व्यापाराने ज्या शहराचे वाडे उभे केले, तिथे हे काही किरकोळ काम नव्हतं. आमच्या मराठी घरांनी त्यात विळी आणि अडकित्त्याची भर घातली. राजवाड्यापासून मल्हारगंजाकडे जाताना लागणारी लोहारपट्टी या सगळ्यावर जगली.

तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मी विळीच्या पात्याला पाणी देताना पाहिलं आहे. पातं ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून काढलेलं. भट्टीवर गोणपाटाचा आडोसा, कारण उन्हात रंग कळत नाही. पातं चेरीसारखं लाल झालं की त्यांनी ते चुंबकाजवळ नेलं. चुंबक धरेना, म्हणजे ताव आला. मग फक्त धारेची कड पाण्यात धरली, चर्रर्र झालं, आणि पाठ अजून लाल असतानाच पातं बाहेर काढलं. विटेच्या तुकड्याने काजळी घासून कड पांढरी केली. आता पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरायला लागते आणि घासलेल्या पट्टीवर रंग सरकताना दिसतात: आधी फिकट पिवळा, मागून तपकिरी, त्यामागून जांभळा, शेवटी निळा. पिवळा कडेला टेकला, तो तपकिरीकडे झुकणार एवढ्यात सगळं पातं पाण्यात. कुऱ्हाड असती तर जांभळ्यापर्यंत थांबले असते आणि कमान असती तर निळ्यापर्यंत. एकाच तावात कडक करणं आणि कडकपणा बेताचा उतरवणं अशी दोन्ही कामं उरकली. आमच्या शॉपमध्ये याच दोन कामांना दोन भट्ट्या आणि एक अख्खी शिफ्ट लागायची.

त्या कमानीच्या पाट्याचाही इतिहास आहे, आणि तो रेल्वेपासून सुरू होतो. पण रेल्वेच्या आधी एक गोष्ट घडली, ती इंदूरकरांना सहसा माहीत नसते. खंडवा रस्त्याने ओंकारेश्वरला जाताना बडवाह लागतं. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे इंग्रज सरकारने लाकडी कोळशावर चालणारी लोखंडाची झोतभट्टी उभारायला घेतली, आणि ती उभारायला स्वीडनहून मिटांडर नावाचा जाणकार आणला. जवळ खनिज, जंगल आणि नर्मदेचा काठ असा तो हिशोब होता. भट्टी उभी राहिली, पण १८६४च्या सुमारास, नियमित उत्पादन सुरू होण्याआधीच, सरकारने हात आखडता घेतला. विलायतेचं लोखंड बोटीने येतच होतं. इथे भट्टी पेटती ठेवून कुणाचं भलं होणार होतं ते उघड आहे. स्वीडिश कारागीर परत गेला.

नंतर आली ती रेल्वे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि १८७०च्या दशकात गाडी घाट चढून इंदूरला पोहोचली. तिच्यामागून विलायती लोखंडाच्या सळ्या आल्या, जुने रूळ आले, भंगार आलं. गावठी भट्टीच्या लोखंडाला कुणी विचारेनासं झालं. लोहार पोलाद निवडायला भंगारात शिकला: कानस मोडली तर तिचा चाकू, बेअरिंगची रिंग मिळाली तर छिन्नी, ट्रकची कमान मिळाली तर विळी-कोयता. कुठल्या तुकड्याला पाणी मानवतं आणि कुठल्याला तेल, हे ठिणगीवरून आणि कानशीखालच्या आवाजावरून ठरे.

कापड गिरण्यांनी याच कसबाला पगारी नोकरी दिली. तुकोजीरावांच्या सरकारी गिरणीनंतर मालवा मिल, १९१५ला हुकूमचंद मिल, मग राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी. प्रत्येकीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर-फिटरच्या जोडीला एक लोहारसाळ असे. माझे वडील अशाच एका वर्कशॉपात फिटर होते. घरातली विळी तिथल्या लोहाराने करवतीच्या जुन्या पात्याची करून दिलेली. आई ती रोज चिंचेने घासून, पुसून, गोडेतेलाचं बोट फिरवून ठेवायची. हुकूमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. बाकीच्याही एकेक करून गेल्या आणि लोहारसाळांचं कसब कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. त्याच सुमारास पीथमपूर भरभराटीला येत होतं, आणि तिथे भट्टीच्या तोंडाशी रंग पाहणारा माणूस नसून काट्याकडे पाहणारा माझ्यासारखा ऑपरेटर होता.

मधल्या काळात घराघरांत स्टेनलेस शिरलं होतं. बोहारणीने जुन्या पैठण्या नेल्या आणि स्टीलची पातेली दिली. भांड्यांच्या बाबतीत हा सौदा उत्तम होता, कल्हईची कटकट गेली. घोटाळा झाला तो भांड्याच्या पत्र्याचीच विळी आणि सुरी व्हायला लागली तेव्हा. भांड्याच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियमसोबत निकेल किंवा मँगनीज असतं. असं स्टील कितीही तापवा, कशातही बुडवा, कडक होतच नाही. त्याची घडणच तशी आहे. सुरीला लागतं ते दुसऱ्या कुळातलं, ब्रेअर्लीच्या कुळातलं: क्रोमियम तेरा टक्क्यांच्या आसपास आणि पुरेसा कार्बन. त्यातही स्वस्त सुरीत कार्बन ०.२-०.३ टक्क्यांवरच भागवलेला असतो.

आणि योग्य स्टील मिळालं तरी ते लोहारपट्टीत चालत नाही. मी एकदा चांगल्या स्टेनलेसची पट्टी त्या मिस्त्रींकडे नेली होती. त्यांनी ती उलटसुलट करून परत माझ्या हातात ठेवली. ‘भिया, ये अपने बस का नहीं.’ ते खरंच बोलत होते. साध्या पोलादाला ८०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा ताव पुरतो, तो डोळ्याला लाल दिसतो आणि चुंबकाने तपासता येतो. स्टेनलेसमधला कार्बन क्रोमियमने घट्ट धरून ठेवलेला असतो. त्याला मोकळं करायला १०३० ते १०८० अंश लागतात, आणि नुसतं तिथवर पोहोचून भागत नाही, तिथे काही मिनिटं मुक्काम करावा लागतो. चाळीस अंश कमी पडले तर पातं मऊ राहतं, चाळीस जास्त झाले तर आतली घडण बिघडते. नारिंगी आणि पिवळसर नारिंगी यांतला हा फरक कोळशाच्या भट्टीत कुणाच्याच डोळ्याला कळायचा नाही. पाण्यात विझवावं तर तडा. उतरवतानाचे रंग बघावेत तर तेही फसवतात: साध्या पोलादावर जो पिवळा २२० अंशांना उमटतो, तो स्टेनलेसवर ३००च्या आसपास दिसतो. लोहाराची सगळी भाषा रंगांची होती, आणि हे पोलाद त्याच्याशी त्या भाषेत बोलतच नाही. वहिवाट तुटली ती इथे. त्यात लोहाराचा आळस नव्हता की अडाणीपणाही नव्हता.

आता घरामागच्या भट्टीबद्दल. पट्टी मी मागवतो ती स्वीडिश जातीची, एईबी-एल नावाची, मुळात दाढीच्या पात्यांसाठी काढलेली. कार्बन साधारण ०.६७ टक्के, क्रोमियम तेरा. बडवाहची भट्टी चालली असती तर काय झालं असतं, हा विचार पार्सल उघडताना दर वेळी मनात येतो. आकार कापून, भोकं पाडून झाली की पातं स्टेनलेसच्या पातळ फॉइलच्या पाकिटात घालायचं. उघडं ठेवलं तर १०७० अंशांना हवा पृष्ठभागातला कार्बन खाऊन टाकते आणि वर खवले धरतात. पाकिटात कागदाचा एक चिटोरा टाकतो, तो जळून आतला ऑक्सिजन संपवतो. कडा दोनदा दुमडायच्या. ही फॉइल बोटं ब्लेडपेक्षा सफाईने कापते, तेव्हा हातमोजे आधी.

काम रात्री जेवणानंतर. तेव्हा व्होल्टेज स्थिर असतं आणि माळव्याची रात्र उन्हाळ्यातही भट्टीपाशी उभं राहण्याजोगी असते. थर्मोकपलचा आकडा १०७० दाखवू लागला की पाकीट आत, आणि आकडा पुन्हा तिथे आल्यावर दहा मिनिटं. मग तेल नाही, पाणी नाही. पाकीट तसंच्या तसं बाहेर ओढून इंचभर जाडीच्या दोन ॲल्युमिनियमच्या प्लेटांमध्ये ठेवायचं आणि वरची प्लेट दाबून धरायची. ना चर्रर्र, ना वाफ, ना आगीचा भडका. बघायला बोलावलेल्या शेजाऱ्यांची निराशा होते. प्लेटा उष्णता शोषून घेतात आणि पातं सरळही ठेवतात. हाताला अजून चटका बसेल इतकं गरम असताना पाकीट फाडायचं. या घटकेला पातं पुरतं कडक झालेलं नसतं. किंचित वाक असेल तर मोजे घालून हाताने काढता येतो. एकदा गार झालं की वाक काढायला गेलात तर दोन तुकडे हातात येतात.

एवढ्यावर काम संपत नाही. पात्याच्या पोटात अजून काही भाग मऊ अवस्थेत अडकलेला असतो, आणि तो बदलायला त्याला गोठवावं लागतं. कोरड्या बर्फाने उणे ७८ अंश मिळतात. द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६, आणि तो माळव्यात दुर्मीळ नाही, कारण गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच साठवतात. वराहमिहिराच्या यादीत घोडी आणि हत्तीण होती; माझ्या पात्याला म्हशीच्या कृपेने पाणी मिळतं. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. या ओव्हनच्या वापराबद्दल घरात अजून एकमत नाही. शेवटी नवी कानस पात्यावर फिरवायची. ती काचेवरून सरकल्यासारखी घसरली, चावली नाही, की काम झालं. रॉकवेलवर अशी पाती साठच्या आसपास येतात, आणि लिंबू कापून ओट्यावर तशीच ठेवली तरी सकाळी पांढरीच असतात.

हे सगळं प्रत्येकाने घरी करावं असं मी अजिबात म्हणणार नाही. विजेच्या बिलावरूनच उत्साह मावळेल. पण पीथमपूरमध्ये व्हॅक्यूम भट्ट्या आहेत आणि लोहारपट्टीत पात्याचा आकार जाणणारे हात अजून आहेत. पट्टी लोहारपट्टीत घडवून, कडक करायला पीथमपूरला पाठवणं, एवढाच जोड घालायचा राहिला आहे. मिस्त्रींच्या नातवाशी माझं त्यावर बोलणं चालू आहे. त्याचा पहिला प्रश्न होता: किलोला भाव काय पडेल? प्रश्न रास्त आहे. एका पात्यासाठी भट्टी कुणी पेटवत नाही, शंभर पाती एकदम गेली तर परवडतं.

तोवर एवढं करा. विळी किंवा सुरी घ्यायला बर्तन बाजारात जाल तेव्हा फ्रिजवरचा एखादा चुंबक खिशात टाका. पात्याला तो मुळीच धरला नाही किंवा जेमतेम धरला, तर ते भांड्याचं स्टील आहे. ते कितीही धार लावलीत तरी टिकणार नाही, परत ठेवा. घट्ट धरला तरी लगेच भुलू नका, कारण चुंबकाला धरणारं पण कडक न होणारं स्टेनलेसही असतं. दुकानदाराला विचारा: याला पाणी दिलंय का, आणि दिलं असेल तर कुणी? उत्तर बहुतेक मिळणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो मागे घाऊकवाल्याला विचारेल. आणि घरात आजीची काळी पडलेली विळी असेल तर ती बोहारणीला देऊ नका, लोहारपट्टीत नेऊन पाजवून आणा.